हाडवैराचं प्रतिज्ञापत्र

भांडणाला मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण सावळदऱ्यात ते मापून वापरतात. टँकरपाशी होते ती बाचाबाची. बांधावरून होतो तो तंटा. नवराबायकोत असतो तो अबोला, आणि तो फार तर दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत टिकतो. सोयरिकीत काही बिनसलं तर वितुष्ट म्हणायचं, म्हणजे चारचौघांत बोलायला बरं पडतं. आणि या सगळ्यांच्या वर, देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं, हाडवैर. बाचाबाची कोणीही करू शकतो. हाडवैराला घराणं लागतं, दोन-तीन पिढ्या लागतात, आणि ते नीट राखायचं म्हटलं तर रोज थोडी मेहनतही लागते.

हा फरक गावात सगळ्यात चांगला कोणाला ठाऊक असावा, तर शहादेव गुरुजींना. एकतीस वर्षं त्यांनी केजला शाळेत मराठी शिकवलं होतं. प्रत्येक शब्दाचं आपलं घर असतं, त्याला दुसऱ्याच्या घरात घुसवू नये, असं ते मुलांना सांगत आणि मुलं ते वहीत उतरवून घेत. तरीही चुकीचा शब्द लिहिला तो गुरुजींनीच, आणि तोही सरकारी कागदावर, खाली झोकदार सही करून. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दाचं आहे.

काम खरं तर एका पानाचं होतं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. गावात दूध संस्था होती आणि गुरुजी तिचे सचिव होते. निवृत्त होऊन गावी आल्यावर, अक्षर चांगलं आहे एवढ्या एकाच गुन्ह्यासाठी गावानं त्यांना ही शिक्षा दिली होती. संस्थेनं ठराव करून दिला तर सावळदऱ्याला चारा छावणी मिळणार होती. म्हणजे गावची जनावरं गायरानात एका जागी बांधायची आणि त्यांच्या चाऱ्या-पाण्याची सोय सरकारनं करायची. छावणी मिळाली नाही तर कडबा जेमतेम आठवडाभर पुरला असता. त्यानंतर दावं हातात धरून बाजाराची वाट, आणि बाजारात त्या दिवसांत जनावरं कोण घेत होतं आणि कशासाठी, हे बोलायला कोणी धजत नव्हतं.

गावात उरलेल्या जनावरांत दोन म्हशी अंजनाबाईंच्या, म्हणजे गुरुजींच्या बायकोच्या होत्या. गुरुजी त्यांना 'आपल्या म्हशी' म्हणत, पण ते घराबाहेर.

"शुक्रवारपोतर छावणी आना," अंजनाबाईंनी बजावलं होतं. "न्हाईतर मी म्हशी घिऊन माजलगावला भावाकडं चालले. तिथं उसाचं वाढं मिळतंय. म्हशी काय मी इकनार न्हाई."

"आणि मी?"

"तुमाला वाढं चालत आसंल तर या की."

गुरुजी हसले खरे, पण मनातून त्यांना भीती वाटली. अंजनाबाई बोललेलं करत असत. पोरं पुण्याला होती, आणि पाऊस पडेपर्यंत त्या रिकाम्या घरात एकट्यानं चहा करून पिण्याची कल्पना गुरुजींना सहन होत नव्हती.

छावणीची अट साधी होती. संस्थेच्या साठ सभासदांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे चाळीस जणांनी, संमतीच्या एकाच कागदावर सह्या करायच्या. इतर गावांनी हे काम अर्ध्या दिवसात उरकलं. सावळदऱ्यात मात्र साठांतले तीस सभासद सुंदररावांचे होते आणि एकोणतीस तात्याबांचे. उरलेले एक गुरुजी, ते कोणाचेच नव्हते.

सुंदरराव आणि तात्याबा यांचे आजोबा सख्खे भाऊ. दोन्ही घरांचं हाडवैर बासष्ट वर्षांचं होतं आणि त्याची देखभाल पाहून कोणालाही कौतुक वाटलं असतं. शिवीगाळ नाही, हाणामारी नाही. सुंदरराव एसटीत चढले की तात्याबा पुढची गाडी पकडत. एका छपराखाली बसायचं नाही. एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. लग्नाचा आहेर मात्र चुकवायचा नाही, तो तिसऱ्या माणसाच्या हाती पाठवायचा. बोलायची वेळ आलीच तर दोन हातांच्या अंतरावर उभं राहूनही मध्ये कोणीतरी लागे आणि 'यांना सांगा' असं म्हणून सुरुवात होई. मध्ये माणूस नसला तर सुंदरराव एकदा विजेच्या खांबाशीही बोलले होते.

एका पानावर सही करायची नाही, हाही त्यातलाच नियम. त्यामुळे संस्थेच्या ठराव वहीत डावं पान सुंदररावांचं होतं आणि उजवं तात्याबांचं. अनेक वर्षं तपासनिसांनी काही हरकत घेतली नव्हती. गुरुजींनी तसाच दोन पानी ठराव लिहिला, सह्या घेतल्या आणि सोमवारी केजच्या कार्यालयात नेऊन दिला.

तिथल्या कारकुनानं, भाऊसाहेबांनी, कागद उलटा-पालटा केला. "दोन पानं कावून?"

"सह्या जास्त आहेत."

"एका पानावर मावत्यात की. खाली निम्मं पान कोरं हाय. दोन पानं कावून, ते लेखी द्या."

इथे गुरुजींचा स्वाभिमान आडवा आला. आपल्या गावात माणसं एका कागदावर सही करत नाहीत, हे तालुक्याला लिहून द्यायचं? समोरच्या बाकावर दुसऱ्या तीन गावांचे सचिव बसले होते आणि त्यांतला एक गुरुजींचाच विद्यार्थी होता. गुरुजींनी पेन काढलं, क्षणभर विचार केला आणि लिहिलं: 'सभासदांमध्ये किरकोळ गैरसमज असल्याने सह्या दोन पानांवर घेतल्या आहेत.'

"किरकोळच हाय न्हवं?" भाऊसाहेब खूश झाले. "मंग बसवा एकत्र आन् आना एका कागदावर. गुरुवारी पाचच्या आत. मोठा वाद आसता तर गोष्ट येगळी व्हती. तवा साहेब सोता गावात येऊन येगयेगळ्या सह्या घेत्यात. तशी सवलत हाय."

"मग वाद मोठाच आहे!" गुरुजी घाईनं म्हणाले.

"आता लिवून दिलंय न्हवं? आवकला चढलं बी." आणि नियमाप्रमाणे खुलाशाची एक प्रत गावच्या फलकावर लावायला म्हणून त्यांनी गुरुजींच्याच हातात ठेवली.

गुरुजी नियमाचे पक्के. दुसरा कोणी असता तर ती प्रत त्यानं खिशात ठेवली असती. गुरुजींनी ती चार टाचण्या मारून लावली.

मंगळवारी सकाळी गुरुजी दात घासत असताना तात्याबा ओट्यावर येऊन बसले. तात्याबा म्हणजे सहा फुटी, पांढऱ्या मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी पाणी नको म्हटलं, चहा नको म्हटलं.

"गुरुजी, किरकोळ?"

गुरुजींच्या तोंडात फेस होता.

"आमच्या आज्यानं धरलं, बापानं ऱ्हायलेलं आयुष्य पाळलं, मी पाळतोय. तुमाला किरकोळ दिसलं? आन् गैरसमज? आमचा कसला गैरसमज झालाय? आमचा समज पक्का हाय."

तेवढ्यात रस्त्यावर सुंदरराव येऊन उभे राहिले. ते ठेंगणे, टोपी कधी न काढणारे आणि तात्याबांच्या उलट भारी बोलके. ओट्यावर कोण बसलंय ते पाहून ते उन्हातच थांबले.

"गुरुजी, त्यांना सांगा," ते मोठ्यानं म्हणाले, "आज जल्मात पयल्यांदा आमचं एकमत हाय. हे लिवनं बरूबर न्हाई."

"यांना सांगा," तात्याबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "आमचं एकमत बिलकूल झालेलं न्हाई. आमचंबी म्हननं तेच हाय, पन येगळं."

गुरुजींनी चूळ भरली. एकतीस वर्षांत त्यांच्या मराठीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. आता दोन शत्रूंनी एकाच सकाळी ठेवलं, आणि वाईट हे की दोघांचंही बरोबर होतं.

मग सल्ले सुरू झाले. गाव उपाशी राहील, पण सल्ला दिल्यावाचून राहणार नाही. जमील हा केज ते सावळदरा जीप चालवणारा. तो म्हणाला, "गुरुजी, खानदानी दुष्मनी लिवा. साहेब लोकांवर वजन पडतंय." शेजारचा म्हाळू अधिक व्यवहारी निघाला. "येखादं डोकं फुटू द्या," त्यानं सुचवलं. "पोलीस केस झाली की पुरावा तयार. दुसऱ्या कुनाचं नसंल तर माजं डोकं घ्या. पन दगूड ल्हान बघा." अंजनाबाईंनी मात्र सल्ला दिला नाही. त्यांनी म्हशींची दावी बदलली आणि भावाला फोन करून गोठ्यात जागा करायला सांगितली. गुरुजींना ते सल्ल्यांपेक्षा जास्त लागलं.

बुधवारी पहिल्या जीपनं गुरुजी नवा अर्ज घेऊन केजला गेले. या वेळी त्यांनी शब्दाची जराही काटकसर केली नाही. 'सभासदांच्या दोन घराण्यांमध्ये बासष्ट वर्षांपासून हाडवैर असल्याने सह्या वेगवेगळ्या घेण्याची सवलत मिळावी.'

भाऊसाहेबांनी वाचलं. "सोमवारी किरकोळ व्हतं. दोन दिसांत एवढं वाढलं?"

"सोमवारी मी लिहायला चुकलो."

"तुमी? मराठीचं गुरुजी?" भाऊसाहेबांनी मान हलवली. "आसू द्या. पुरावा जोडा. पोलीस ठान्यातली नोंद चालंल, कोर्टाचा दावा चालंल."

गुरुजी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं सावळदऱ्याचं नाव ऐकताच उठून हात जोडले. "तुमचं गाव म्हंजे आमाला देवळासारखं हाय, गुरुजी. कदी येक बी तक्रार न्हाई." त्यानं कपाटातून एक फाइल काढून कौतुकानं दाखवली. चार वर्षांपूर्वी सावळदऱ्याला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं होतं, त्याचा तो अहवाल. अक्षर वळणदार होतं. 'आमच्या गावात गेल्या पन्नास वर्षांत एकही तंटा पोलीस ठाण्यापर्यंत आलेला नाही. ग्रामस्थ अत्यंत सलोख्याने राहतात.' खाली झोकदार सही होती.

गुरुजींनी आपली सही ओळखली. तो अहवाल लिहिल्याबद्दल त्यांना नारळ आणि शाल मिळाली होती. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. गावात तंटा नव्हताच. हाडवैर होतं, पण हाडवैराला त्या अर्जात रकाना नव्हता.

"भांडल्याचं काहीतरी असेल की," गुरुजी काकुळतीला आले. "निदान एखादी धक्काबुक्की?"

"शोधून घावनार न्हाई," हवालदार अभिमानानं म्हणाला.

घाम पुसत गुरुजी परत भाऊसाहेबांपुढे उभे राहिले. भाऊसाहेब मनानं वाईट नव्हते. त्यांचीही गावाकडं दोन बैलं होती आणि कडब्याची चिंता त्यांनाही होती. त्यांनी डोकं खाजवून वाट काढली.

"प्रतिज्ञापत्र करा. आमचं वैर हाय, आमक्या सालापासून हाय, आमक्या कारनानं हाय. तरी छावनीला आमची समद्यांची संमती हाय, पन सह्या येगळ्या घ्याव्यात. बाँडवर लिवा. म्होरक्यांच्या सह्या, खाली साक्षीला सभासदांच्या. झाला पुरावा."

"दोघांची दोन प्रतिज्ञापत्रं करतो."

"दोन न्हाई. येकच. वैर येकट्याचं आसतंय का? दोघांनी कबूल केलं तर वैर, न्हाईतर नुसता आरोप."

"अहो भाऊसाहेब," गुरुजींचा आवाज चढला, "ते एका कागदावर सही करत नाहीत, हेच तर सिद्ध करायचंय!"

"बरूबर. तेच येका कागदावर सही करून सिद्ध करा."

परतीच्या जीपमध्ये गुरुजी मागच्या बाकावर टेकले. जमीलनं दोनदा आरशातून पाहिलं आणि न विचारता पुढची सीट दिली. दुपारी गुरुजींनी टँकर यायच्या वेळेची वाट पाहिली. त्या वेळी सगळं गाव घागरी-ड्रम घेऊन पारापाशी जमत असे, डावीकडे सुंदररावांची रांग, उजवीकडे तात्याबांची, आणि वर उघडं आभाळ असल्यानं एका छपराचा प्रश्न नव्हता. गुरुजी मधोमध उभे राहिले आणि मसुदा वाचू लागले.

'कारण' या शब्दापाशी ते थांबले. कारण साऱ्या गावाला पाठ होतं. बासष्ट वर्षांपूर्वीच्या पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून कोणाचा बैल आधी गेला, हे ते कारण.

"लिवा," तात्याबा म्हणाले, "आमचा हिऱ्या पुढं व्हता. शिंगभर."

"यांना सांगा, बाज्या पुढं व्हता," सुंदरराव म्हणाले. "हिऱ्याचं शिंगच लांब व्हतं, म्हून तसं दिसलं. बैल लई देखना, ते आमी कदी नाकारलं न्हाई. आमचा आज्या मरताना म्हनला, तसला खिल्लारी मी पुन्ना बघितला न्हाई."

"यांना सांगा, बाज्या बी हालका नव्हता. येका दमात चार कोस गाडी वढायचा."

दोन्ही रांगा पुढे सरकल्या. ज्यांनी ते बैल जन्मात पाहिले नव्हते ते त्यांच्या वशिंडाची मापं सांगू लागले. गुरुजींना आशा वाटू लागली. त्यांनी लिहिलं, 'मानाच्या बैलावरून', आणि हळूच सांगितलं की सही दोघांची एकाच कागदावर लागेल.

तात्याबांनी घागर उचलली. "मेलो तरी न्हाई."

"त्यांना सांगा, आमी बी मेलो तरी न्हाई. त्यांच्या आधी."

तेवढ्यात पारावर बसलेली भिवराबाई उठली. ती दोघांचीही आत्या लागे आणि दोन्ही घरांत जिचं पाणी चालायचं अशी गावात ती एकटीच होती. तिची एक गाय होती, आणि त्या दिवसांत ती आपल्या वाटणीच्या घागरीतली निम्मी तिला पाजत असे.

"तात्या, त्या पोळ्याला मी परकर नेसून तोरनापशी हुबी व्हते," ती काठी टेकत म्हणाली. "कुनाचा बैल पुढं व्हता ते मला म्हाईत हाय. पन ते मी सांगनार न्हाई. तेवढं मी संगं नेनार हाय. सुंदऱ्या, गावात तवा बैल किती व्हतं?"

"शंभर जोड्या तरी आसतील, आत्या."

"आन् आता?"

बारा जोड्या होत्या. मागच्या मंगळवारच्या बाजारात सुंदररावांनीच एक जोडी नेऊन सोडली होती, आणि तात्याबांच्या सातांतल्या दोन उरल्या होत्या.

"बैलापायी वैर धरलं ना तुमी? मंग बैलच ऱ्हायले न्हाईत तर वैर ठिवता कशावर? ह्या पोळ्याला तोरनाखालनं काय टँकर न्हेनार हाव?"

टँकर आला होता, पण पाइपाकडे कोणी धावलं नाही. तात्याबांनी मिशीवरून हात फिरवला आणि घागर खाली ठेवली.

"गुरुजी, यांना सांगा. उद्या केजला येतो. पन आमचं वैर नीट लिवलं जातंय का ते बगाया आमची समदी मानसं येतील."

"त्यांना सांगा, मंग आमची बी येतील."

दुष्काळात माणसाजवळ दुसरं काही नसलं तरी वेळ बख्खळ असतो. गुरुवारी जमीलच्या जीपनं चार फेऱ्या मारल्या, वर एक टेंपो भरला, आणि दुपारी तीनला कार्यालयाच्या आवारात पंचावन्न सभासद दोन घोळक्यांत उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं आणि धुळीचा वारा सुटला होता. गुरुजींनी जीपच्या बॉनेटवर बाँडपेपर पसरला. मसुदा सुरेख उतरला होता. हाडवैर हा शब्द त्यात तीनदा होता आणि तिन्ही वेळा ठसठशीत होता. दोघांनीही तो ऐकून मान डोलावली.

आता सही. आणि इथे गुरुजींच्या लक्षात आलं की कागदाला वर आणि खाली असतं.

"वर कुनाची?" तात्याबांनी विचारलं.

गुरुजी म्हणाले, शेजारी-शेजारी करा. तर डावीकडची सही आधी वाचली जाते, असं सुंदररावांच्या माणसांनीच दाखवून दिलं, आणि मग तात्याबांच्या माणसांनी सुंदररावांची सही डावीकडे नको म्हटलं. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. मोठा मान कोणाचा, यावरून बासष्ट वर्षांपूर्वी जे झालं तेच आता बॉनेटवर सुरू झालं. पाचला कार्यालय बंद होणार होतं, सकाळी अंजनाबाई निघणार होत्या, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्या गावाची जनावरं बाजाराला लागणार होती.

गुरुजी चालत चहाच्या टपरीवर गेले आणि बशी मागून आणली. बशी कागदावर पालथी घालून त्यांनी भोवती पेन फिरवलं. गोल तयार झाला.

"याला वर नाही आणि खाली नाही," ते म्हणाले. आवाज शाळेत असताना यायचा तसा आला. "एक जण या अंगाला उभा राहील, एक त्या अंगाला. मी तीन म्हटलं की दोघांनी एकदम सही करायची. जो आधी करेल त्याला मी आयुष्यभर कच्चा म्हणेन."

दोघं बॉनेटच्या दोन अंगांना उभे राहिले. वारा कागद उडवू पाहत होता. म्हाळू धरायला पुढे सरसावला, तर सुंदररावांच्या माणसांनी त्याला हुसकावलं. तो तात्याबांचा सभासद होता. शेवटी तात्याबांनी आपला डावा पंजा कागदावर ठेवला. सुंदररावांनी पलीकडून आपला ठेवला. पत्रा तापून लाल झाला होता, पण हात कोणी काढला नाही. दोन्ही पंजांमध्ये चार बोटांचं अंतर होतं, आणि एवढ्या जवळ ती दोन घरं बासष्ट वर्षांत आली नव्हती. गुरुजी ते अंतर पाहत राहिले आणि 'तीन' म्हणायला त्यांना उशीर झाला.

"म्हना की!" दोघं एकदम ओरडले. मध्ये कोणालाही न घेता.

सह्या झाल्या. मग बाकीचे गोलाभोवती जागा मिळेल तशा सह्या करत गेले. अंगठेवाल्यांनी अंगठे उमटवले. शेवटी कागद जिलबीसारखा दिसू लागला, पण पाचला वीस मिनिटं असताना तो साहेबांच्या टेबलावर पोचला.

साहेब तरुण होते आणि नव्यानं बदलून आले होते. त्यांनी कागद फिरवत फिरवत वाचला. तसा तो फिरवावाच लागत होता.

"यात छावणीला संमती आहे," ते म्हणाले.

"आहे."

"सह्या पंचावन्न आहेत. एकाच कागदावर."

"आहेत," गुरुजी म्हणाले. आणि त्यांना एकदम समजलं.

"मग वेगळी सवलत कशाला मागताय? अट पूर्ण झाली. मंजूर."

साहेबांनी शिक्का मारला. चार दिवस छातीवर कोणीतरी जातं ठेवलं होतं ते उचलल्यासारखं गुरुजींना वाटलं. मागे भाऊसाहेब गालात हसत होते. हे त्यांना आधीपासून माहीत होतं की काय, हे गुरुजींना पुढेही कधी कळलं नाही.

पण दारात उभ्या तात्याबांचा चेहरा उतरला होता. "गुरुजी, साहेबांना इचारा. मंग वैराचं काय?"

"त्याचं काय?" साहेबांनी मान वर केली.

खिडकीबाहेरून सुंदरराव म्हणाले, "मान्य झालं का न्हाई? न्हाईतर लोक म्हनतील, येका कागदावर बसले, मिटलं."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. "हाडवैर म्हणजे नेमकं काय हो? मी नगरपालिकेच्या शाळेत शिकलो."

गुरुजी ताठ उभे राहिले. "साहेब, परक्या माणसाशी आपण भांडतो आणि विसरतो. हाडवैर विसरायची सोय नसते. ते ज्याच्याशी असतं तो रोज ध्यानात ठेवावा लागतो. तो कोणत्या गाडीनं गेला, त्याच्या घरी लग्न कधी, त्याचा बैल कसा आहे. सोयऱ्यांचीसुद्धा इतकी काळजी कोणी घेत नाही. त्याला किरकोळ म्हणणं ही माझी चूक होती."

साहेबांनी थोडा विचार केला आणि मंजुरीच्या कडेला लिहिलं, 'हाडवैराची नोंद घेतली.' खाली सही केली. दोन्ही बाजूंना ते वाचून दाखवण्यात आलं. सगळ्यांचं समाधान झालं. तात्याबांची माणसं टेंपोनं गेली आणि सुंदररावांची जीपनं.

गुरुजी घराजवळ उतरले तेव्हा उन्हं कलली होती. दारात ट्रंक होती, वर बांधलेलं गाठोडं होतं. अंजनाबाईंनी एक म्हैस सोडून हातात धरली होती आणि दुसरीचं दावं सोडत होत्या. सकाळपर्यंतसुद्धा त्या थांबणार नव्हत्या. गुरुजींनी नुसता कागद पुढे केला.

"चष्मा घरात हाय," अंजनाबाई म्हणाल्या. "वाचा."

गुरुजी वाचू लागले. त्यांनी जावक क्रमांकापासून सुरुवात केली, विषय वाचला, संदर्भ वाचले, छावणीची जागा, जनावरांची संख्या, मोठ्या जनावराला रोजचा चारा किती, लहानाला किती, सगळं स्वच्छ उच्चारात, पूर्णविरामाला थांबत वाचलं. अंजनाबाई दावं हातात धरून ऐकत होत्या. म्हैस त्यांच्या पदराला हुंगत होती. मग गुरुजींनी वाचलं, "सबब सावळदरा येथील छावणीस मंजुरी देण्यात येत आहे."

"थांबा," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तेवढंच पुन्ना वाचा."

गुरुजींनी पुन्हा वाचलं.